राजीनाम्यानंतर ऐकू आलेलं

राजीनाम्याचा मेल गेला की खासगी कंपनीत बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. साहेब केबिनमध्ये बोलावतात, दार लावून घेतात आणि विचारतात, ‘नेमकं काय झालं?’ ज्याला विचारलं जातं त्याच्याकडे उत्तर तयार असतं, कारण वर्षभर ते त्याने कुठे ना कुठे सांगितलेलंच असतं. अप्रेझलच्या फॉर्ममधल्या शेवटच्या रकान्यात, कॅन्टीनमधून परतताना, दिवाळीच्या तोंडावर बोनसचा विषय निघाला तेव्हा. त्यानंतर दोन-चार दिवसांत एक पत्र येतं. नव्या कंपनीने जेवढं देऊ केलंय तेवढं, कधी त्याहून थोडं जास्तही. याला सगळेच काउंटर ऑफर म्हणतात. ती हातात पडली की ज्याने जायचं पक्कं केलेलं असतं, त्याला पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागतं.

याबाबत सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. काही म्हणतात, चुकूनही घेऊ नकोस, एकदा राजीनामा दिलास की त्यांच्या लेखी तू गेलेलाच. काही म्हणतात, घरबसल्या पगार वाढतोय, नाही कशाला म्हणायचं? माझ्यावर ही वेळ आली तेव्हा दोन्ही प्रकारचं ऐकून झालं आणि दोन्हींनी माझं समाधान झालं नाही. दोन्ही सल्ल्यांत जणू दोनच माणसं आहेत, एक जाणारा आणि एक अडवणारा. कारखान्यात दोनच माणसं नसतात.

या पेचाला आपल्याकडे वेळही भरपूर मिळतो. पुष्कळ मोठ्या कंपन्यांत नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे. तीन महिने नवी कंपनी वाट बघते, तिच्या एचआरचा अधूनमधून फोन येत राहतो, ‘जॉइनिंगचं नक्की ना?’ आणि तेच तीन महिने जुनी कंपनी मन वळवायला मोकळी असते. कायद्याने कुणाला मनाविरुद्ध कामावर राबवता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम माणसाला आपला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल धरतं, आणि नोटीस पुरी केली नाही तर प्रश्न उरतो तो पैशांच्या भरपाईचा. पण रिलिव्हिंग लेटर जुन्या कंपनीच्या हातात असतं आणि नव्या कंपनीला ते पहिल्या दिवशी हवं असतं. त्यामुळे माणूस गुमान तीन महिने थांबतो, आणि थांबलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं.

मी क्वालिटीत आहे. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सीएमएम रूम, म्हणजे अचूक मोजमापाच्या यंत्राची खोली, आणि फायनल इन्स्पेक्शन माझ्याकडे होतं. ज्यांनी अशी खोली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मधोमध काळ्या ग्रॅनाइटचं जाडजूड टेबल. त्यावर मागे-पुढे सरकणारी चौकट, तिला खाली लोंबणारा प्रोब आणि प्रोबच्या टोकाला माणकाचा लाल मणी, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. तो मणी जॉबला, म्हणजे मोजायच्या भागाला, हलकेच टेकतो, बाजूला होतो, पुन्हा दुसरीकडे टेकतो आणि पडद्यावर आकडे उमटत जातात. खोलीचं तापमान बारा महिने २० अंश सेल्सिअस. हे २० अंश कुणाच्या लहरीने ठरलेलं नाही. मोजमापं कोणत्या तापमानाला घ्यायची, हे सांगणारं मानक आयएसओच्या मानकांत पहिल्या क्रमांकाचं आहे, १९५१ सालचं. पोलाद तापलं की वाढतं. १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब ३५ अंशांना मोजला, तर तो २० अंशांवरच्या मापापेक्षा साधारण १७ मायक्रॉनने मोठा भरतो. बोअरला सगळा मिळून २५ मायक्रॉनचा टॉलरन्स असेल, तर या १७ मायक्रॉनमध्ये बरा जॉब वाईट दिसतो आणि वाईट जॉब बरा. म्हणून मशीनवरून आलेला जॉब खोलीत नुसता ठेवून द्यावा लागतो. तो निवतो, खोलीच्या तापमानाला येतो, मग मोजायचा. यात काही तास जातात आणि ते कमी करता येत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये शॉप फ्लोअर तापलेलं असतं, महिनाअखेर असते, दारात गाडी लागलेली असते. ‘मॅडम, आकडा द्या ना, तिकडे त्यांची लाइन थांबेल.’ हे सांगणारा डिस्पॅचचा माणूस खोटं बोलत नसतो. ग्राहकाची असेंब्ली लाइन आपल्या भागावाचून थांबली तर केवढा भुर्दंड बसतो, ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक असतं. तरीही मी लॉटवर पिवळा टॅग लावायची, ‘होल्ड’ लिहून खाली सही करायची. आणि कधी कधी सकाळी येऊन बघावं तर टॅग नाही, लॉट नाही. फाइलमध्ये डेव्हिएशनचा, म्हणजे मापाबाहेरचा माल सोडायच्या परवानगीचा कागद, त्यावर भलत्याचीच सही. माल कधी ठीक निघाला, कधी ग्राहकाकडून परत आला. परत आला की उत्तर द्यायला जायचं ते क्वालिटीने.

हे मी वरच्यांना अनेकदा सांगितलं होतं. पगाराचंही सांगितलं होतं. माझ्या हाताखाली आलेल्या नव्या इंजिनिअरला माझ्याहून जास्त पगार होता, आणि ते लपून राहिलेलं नव्हतं. पैशांचा विषय मी कमी लेखत नाही. घराचा हप्ता, मुलीची फी, म्हातारपणाची तरतूद हे सगळं पगारातूनच व्हायचं असतं, आणि पगाराबद्दल बोलताना ज्यांना संकोच वाटतो त्यांचा तो संकोच फार जण वापरून घेतात. रांजणगावच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं तेव्हा पहिला आनंद पगाराचाच झाला, हे मी मोकळेपणाने सांगते. मग राजीनामा दिला आणि दोन दिवसांत ते पत्र आलं.

दोन पानांचं होतं. पहिल्या पानावर माझ्याबद्दल चांगलं लिहिलेलं आणि नवा आकडा. दुसऱ्या पानावर त्या आकड्याची फोड. रात्री जेवणं झाल्यावर मी ते दुसरं पान पुढ्यात घेऊन बसले. बेसिक होतं तेवढंच. सगळी वाढ स्पेशल अलाउन्समध्ये. सीटीसीच्या बेरजेत कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला आणि ग्रॅच्युइटीही बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणून धरलेली. हे ४.८१ येतं कुठून, तर कायद्याच्या हिशेबातून. दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा, त्याला बाराने भागायचं. बेसिक ३०,००० असेल आणि आठ वर्षं भरली असतील, तर ग्रॅच्युइटी १,३८,४६१ रुपये होते. बेसिक वाढलं तर ही रक्कम मागच्या सगळ्या वर्षांसकट वाढते, स्पेशल अलाउन्स कितीही फुगला तरी ती जागची हलत नाही. तेव्हा तरी हिशेब असाच होता. २०२५ च्या २१ नोव्हेंबरपासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून वर गेले तर वरची रक्कम वेतनातच धरायची, अशी तरतूद आहे. आता असं पत्र हाती आलं तर आधी हेच बघावं. पत्राच्या खाली रिटेन्शन बोनसचं कलम होतं. पुढच्या पगारात एकरकमी मिळेल, दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर परत करावा लागेल. पिवळ्या टॅगबद्दल दोन्ही पानांवर एक शब्दही नव्हता.

सोडून जायचं म्हटलं तरी हिशेब होतेच. पीएफचं आता बरं आहे. २०१४ पासून यूएएन आला, खातं आपल्याबरोबर येतं, नोकरीची वर्षं जोडली जातात. ग्रॅच्युइटीचं तसं नाही, नव्या ठिकाणी पहिल्या वर्षापासून मोजणी सुरू. शिवाय भोसरीतल्या घरापासून कारखाना हाकेच्या अंतरावर होता, आणि रांजणगावला जायचं म्हणजे उजाडण्याआधी कंपनीच्या बसथांब्यावर उभं राहायचं.

सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. मी कागद पसरून बसलेली बघून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आम्हाला बदलीचा कागद यायचा, त्यात विचारलेलं काही नसायचं. तुझ्यापुढे दोन कागद आहेत. दोन्ही नीट वाच, आणि ज्यात जे लिहिलेलं नाही, ते मनाने त्यात वाचू नकोस.’ एवढं बोलून त्या झोपायला गेल्या. मला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत उपयोगाचा ठरला.

काउंटर ऑफर घेऊन थांबणारा माणूस कच्चा, असं मला मुळीच वाटत नाही. आमच्याच कारखान्यात मेंटेनन्सला एक जण होता, त्याने माझ्या वर्षभर आधी राजीनामा देऊन मागे घेतला होता. त्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून दोन-तीनदा. आमच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील येत होते आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले होते. नव्या कंपनीच्या पॉलिसीत आई-वडील नव्हतेच. बाहेर वेगळी पॉलिसी काढायची, तर असलेल्या आजारासाठी काही वर्षं थांबायचं आणि मुळात कुणी पॉलिसी देईल का हाच प्रश्न. ऑफर लेटरच्या आकड्यात हे कुठे दिसत नाही. त्याने एचआरकडून दोन्ही पॉलिसींच्या अटी मागवून घेतल्या, वाचल्या आणि तो थांबला. पाठीमागे लोक बोलले. मला त्याचा निर्णय तेव्हाही पटला होता.

राजीनामा मागे घेण्याचा प्रश्न एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि राजीनामा देणारे होते अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीशचंद्र. मे १९७७ मध्ये त्यांनी १ ऑगस्टपासूनचा राजीनामा राष्ट्रपतींकडे पाठवला आणि जुलैमध्ये, ती तारीख उजाडायच्या आधी, तो मागे घेतला. असं करता येतं का, यावर वाद झाला. १९७८ मध्ये घटनापीठाने बहुमताने निर्णय दिला की पुढच्या तारखेचा राजीनामा ती तारीख येईपर्यंत मागे घेता येतो. ते घटनात्मक पद होतं, खासगी नोकरीत करारातल्या अटी बघाव्या लागतात. तरी मला त्या निकालाचा एक आधार वाटतो. दिलेली तारीख येईपर्यंत माणसाला पुन्हा विचार करायची मुभा आहे, आणि तो केला म्हणून त्याचं काही उणं होत नाही.

मग अडचण कुठे होती? माझ्या मनात घोळत राहिलं ते हे की जे आधी मिळत नव्हतं ते राजीनाम्यानंतर दोन दिवसांत कसं मिळालं. याचं उत्तर मनाच्या कोतेपणात शोधू नये. आमचे प्लांट हेड चांगले गृहस्थ होते. माझ्या पहिल्या कस्टमर ऑडिटला दिवसभर माझ्या शेजारी बसून राहिले होते, एका प्रश्नाचं उत्तर मला देता येईना तेव्हा त्यांनी ते दिलं नाही, फाइलमधलं पान हळूच माझ्यापुढे सरकवलं. अशा माणसाने वर्षभर माझा पगार मुद्दाम अडवला, असं मी म्हणणार नाही. कंपन्यांत पगारवाढीचं बजेट वेगळं असतं आणि भरतीचं वेगळं. वाढ ठरते आहे त्या पगाराच्या टक्क्यांत आणि तीही सगळ्या विभागात वाटायची असते. नवा माणूस घेताना मात्र बाजारभाव बघावा लागतो, नाहीतर तो येतच नाही. म्हणून जुन्या माणसाचा पगार वर्षं जातील तसा मागे पडत जातो. आणि राजीनामा आला की तिसरीच वाट उघडते. आता माणूस गेला तर नवा शोधायला महिने लागतील, पुढच्या ऑडिटला कोण उभं राहील, या चिंतेपोटी वरून खास मंजुरी मिळते. साहेबांचे हात वर्षभर खरोखरच बांधलेले होते. ते सोडवण्याची ताकद फक्त माझ्या राजीनाम्यात होती. ही व्यवस्था ज्यांनी आखली त्यांनी नकळत सगळ्यांना एकच गोष्ट शिकवून ठेवली आहे: इथे काही हवं असेल तर आधी बाहेरचं पत्र आणा.

अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचं ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे पुस्तक १९७० मध्ये आलं. त्याचं बीज त्यांना नायजेरियात सापडलं. तिथल्या उत्तर भागातला भुईमूग सुमारे ८०० मैल दूर बंदरांपर्यंत न्यायचा असे. एवढ्या लांबच्या, जड मालाला रेल्वेच सोयीची. तरीही ट्रकवाले रेल्वेचा धंदा ओढून नेत होते आणि रेल्वेचा कारभार काही सुधारत नव्हता. स्पर्धा आली की सुधारणा होते, हा सगळ्यांचा समज. हिर्शमननी उलटं पाहिलं. ज्या व्यापाऱ्यांना रेल्वेच्या ढिलाईचा सर्वांत जास्त त्रास होत होता, ज्यांनी अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन आवाज चढवला असता, तेच आधी ट्रककडे निघून गेले. मागे उरले ते न बोलणारे. तक्रार करणारेच गेल्यावर रेल्वेला सुधारायला लावणार कोण?

मी हे वाचलं तेव्हा आमचं फायनल इन्स्पेक्शन डोळ्यांपुढे आलं. तापलेला जॉब मोजायला नकार देणारे, टॅगवर सही करणारे, डेव्हिएशनच्या कागदावर भांडणारे जे होते, त्यांतले बरेच एकेक करून निघून गेले होते. जाताना प्रत्येकाला पत्र मिळालं असणार. प्रत्येक पत्रात आकडा असणार. पण ज्यावरून ते भांडत होते ते त्यांच्यानंतरही तसंच राहिलं. काउंटर ऑफर ही जाणाऱ्याला मिळते, त्याच्या म्हणण्याला नाही.

मागणं आणि निष्ठा यांचा विचार करताना आपल्या इतिहासात मला इब्राहिमखान गारदी महत्त्वाचा वाटतो. फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला, कवायती पायदळ आणि तोफखाना जाणणारा हा सरदार निजामाच्या चाकरीत होता, तिथून पेशव्यांकडे आला आणि १७६० मध्ये उदगीरला निजामाविरुद्धच लढला. त्याच्या गारद्यांना दरमहा रोख पगार लागे, आणि त्यासाठी तो सदाशिवरावभाऊंकडे सारखा आग्रह धरी. भाऊंना त्याचा त्रास होई. काशिराज पंडित हा शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. त्याने १७८० मध्ये फारसीत लिहिलेल्या वृत्तांतात पानिपतावरचा, १४ जानेवारी १७६१ च्या सकाळचा प्रसंग आहे. लढाईला तोंड लागण्यापूर्वी इब्राहिमखान भाऊंना भेटला. माणसांच्या पगारासाठी मी हट्ट धरतो म्हणून आपली माझ्यावर नाराजी आहे, या महिन्याचा पगार तर मिळालेलाच नाही, पण ते राहू द्या, आज आम्ही आमचं काम चोख करू, असा त्याच्या बोलण्याचा आशय. काशिराज समोरच्या गोटात होता, तेव्हा हे त्याने नंतर कुणाकडून तरी ऐकलेलं असणार. त्या दिवशी पुढे काय झालं त्याबद्दल मात्र दुमत नाही. छावणी उपाशी होती, खजिना रिता होता, आणि तरी गारदी रोहिल्यांवर असे तुटून पडले की गारद्यांतले बहुतेक तिथेच पडले. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला.

पानिपताबद्दल आपण खूप बोलतो, पण या एका प्रसंगाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. हा माणूस आपल्या लोकांचा पगार थेट, तोंडावर, धन्याची मर्जी खप्पा होईल हे माहीत असून मागत राहिला. त्यासाठी त्याने निजामाकडे परत जायची धमकी दिल्याचं कुठे येत नाही. पगार मागणं आणि जिवाला जीव देणं, या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी एकत्र होत्या. आपल्याकडे मागणारा लोभी आणि गप्प बसणारा निष्ठावान, असा जो समज कार्यालयांत आणि कारखान्यांत रुजून बसला आहे, तो मला अन्यायाचा वाटतो. आणि आणखी एक. त्याचा आग्रह स्वतःच्या वाढीसाठी नव्हता, हाताखालच्या प्रत्येकासाठी होता.

माझ्या हाताखाली म्हणावं तर एक ताई होत्या, वयाने आणि नोकरीने माझ्याहून मोठ्या. डिप्लोमा झालेल्या, फायनल इन्स्पेक्शनच्या बाकावर वर्षानुवर्षं उभ्या. प्लग गेजचं ‘गो’ टोक बोअरमध्ये कसं उतरतंय, यावरून गेज झिजायला लागलंय हे त्या कॅलिब्रेशनची तारीख यायच्या आधी सांगायच्या. गेज बाजूला ठेवून कॅलिब्रेशनला पाठवावं तर खरोखर मर्यादेच्या काठावर आलेलं असायचं. मी जे शिकले त्यातलं बरंच त्यांच्याकडून. त्यांचा ग्रेड माझ्याखाली दोन पायऱ्या आणि पगार नव्या मुलांहूनही कमी. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, मुलगा दहावीला. रांजणगावची पहाटेची बस त्यांच्यासाठी नव्हती. त्यांना बाहेरचं पत्र आणणं शक्य नव्हतं, आणि पत्र नाही म्हणजे तक्रार नाही, असं कंपनीने गृहीत धरलेलं. मुली-बायकांच्या बाबतीत, गावाकडची जबाबदारी असलेल्यांच्या बाबतीत हे फार होतं. जो हलू शकत नाही त्याचं न हलणं समाधान म्हणून नोंदलं जातं.

पत्रात दोन दिवसांत उत्तर द्यायला सांगितलं होतं. मी सोमवारपर्यंत मुदत मागितली आणि ती मिळाली. सोमवारी केबिनमध्ये गेले. मी म्हटलं, ‘सर, वाढ बेसिकमध्ये द्या.’ त्यांनी लगेच एचआरला फोन लावला आणि संध्याकाळपर्यंत नवं पान येईल म्हणाले. मग मी ताईंच्या ग्रेडचं काढलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘पण मॅडम, त्यांनी राजीनामा दिलेला नाही ना.’ यात तिरकसपणा नव्हता. त्यांच्यापुढे जो फॉर्म होता त्यात राजीनामा देणाऱ्याचंच नाव लिहायची सोय होती, ते मला तेवढंच सांगत होते.

शेवटी होल्डचं. मी लावलेला टॅग माझ्या सहीशिवाय निघणार नाही, एवढं एक वाक्य क्वालिटी प्रोसिजरमध्ये यावं, असं मी मागितलं. त्यांनी शब्द दिला, ‘यापुढे मला विचारल्याशिवाय कुणी लॉट सोडणार नाही.’ त्यांनी तो पाळला असता, याबद्दल मला शंका नाही. पण उद्या त्यांची बदली झाली तर? प्रोसिजरमध्ये लिहायचं तर वरून मंजुरी लागेल, पुढच्या क्वार्टरला बघू, असं ठरलं. पैशांचा कागद एका संध्याकाळीत बदलून येत होता आणि या एका वाक्याला तीन महिने लागणार होते. ज्यात जे लिहिलेलं नाही ते मनाने वाचू नकोस, हे सासूबाईंचं बोलणं तिथे बसल्या बसल्या आठवलं. मी राजीनामा तसाच ठेवला. साहेबांना वाईट वाटलं आणि मलाही. ९० दिवस मी ताईंना सीएमएमचं प्रोग्रॅमिंग शिकवत राहिले, जेवढं होईल तेवढं, म्हणजे माझ्या जागेसाठी बाहेरचा माणूस शोधण्याआधी कुणाला तरी त्यांच्याकडे बघावं लागेल. त्यांना ती जागा मिळाली नाही. ग्रेड एक पायरी वाढला, तो पुढच्या वर्षी.

रांजणगावला महिनाअखेर नाही असं नाही. गाड्या तिथेही लागतात, ‘आकडा द्या’ तिथेही म्हणतात. फरक एवढाच की सॅपमध्ये क्वालिटीचा निर्णय नोंदल्याशिवाय लॉट डिस्पॅचच्या यादीत येतच नाही. तो नोंदायचा अधिकार आमच्या लॉगिनला आहे, दुसऱ्या कुणाला नाही. जॉब निवेपर्यंत लोक कुरकुरतात आणि थांबतात. पहाटेच्या बसची सवय झाली. हळूहळू सगळं सोपं झालं असं मी म्हणणार नाही, मुलीच्या शाळेतल्या कितीतरी सकाळींना मला मुकावं लागलं.

आता विभाग माझ्याकडे आहे, त्यामुळे काउंटर ऑफरचा प्रस्ताव लिहायचं कामही माझ्याकडे येतं. अलीकडे आमच्या मेट्रोलॉजीतल्या एका तरुण इंजिनिअरने राजीनामा दिला. विमानाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याला जागा मिळाली होती आणि ते काम त्याच्या आवडीचं होतं. एचआरने सांगितलं, आकडा कळवा, वरून मंजुरी घेऊ. मी त्याच्याशी बोलले, त्याला जायचंच होतं, कारणही चांगलं होतं. तरी मी प्रस्ताव पाठवला. त्यात त्याचं नाव घातलं नाही, त्याच्या शेजारच्या बाकांवर तेच काम करणाऱ्या दोघींची नावं घातली आणि त्यांच्या पगारातली तफावत मांडली. एचआरचा फोन आला, ‘यांनी राजीनामा दिलाय का?’ मी म्हटलं, ‘नाही, म्हणूनच आत्ता मागते आहे.’ बरीच चर्चा झाली. एकीचं मंजूर झालं, बेसिकसकट. दुसरीचं एप्रिलपर्यंत थांबा म्हणाले. बजेटची बैठक मार्चच्या पहिल्या आठवड्यात असते. तिने वर्षभरात पकडलेल्या चुका, वाचवलेले लॉट, लिहिलेले प्रोग्रॅम यांचे कागद मी एका फाइलमध्ये लावते आहे, आणि त्या बैठकीत तिचं नाव पहिलं घेणार आहे.